आकड्यांची पोलिसगिरी

पोथीची जागा आता आकड्याने घेतली आहे. पूर्वी पोथी दाखवून तोंड बंद करायचे, आता तक्ता दाखवून करतात. हा तक्ता चालतो कसा, ते न्यूयॉर्कच्या पोलिसांकडे बघून समजून घ्यावं.

१९९४ साली तिथे कमिशनर ब्रॅटन आणि त्याचा उजवा हात जॅक मेपल यांनी कॉम्पस्टॅट आणलं. गुन्हे नकाशावर टिपायचे, ठाण्याच्या साहेबाला मुख्यालयात उभं करायचं आणि सगळ्यांदेखत विचारायचं: तुझ्या हद्दीत चोऱ्या का वाढल्या? तू काय केलंस?

साहेबाला कुणी जाब विचारला तर आपल्या बापाचं काय जातं? विचारावाच. १९९० साली त्या शहरात २,२०० च्या वर खून झाले, २०१७ साली ३०० च्या आत आले. मढं लपवणं सोपं नसतं, म्हणून हा आकडा मानावा लागतो. पण त्याच काळात, हा तक्ता नव्हता अशा अमेरिकन शहरांतही गुन्हे उतरले. मग सगळं श्रेय तक्त्याला कसलं?

आणि जे लपवता येतं त्याचं काय झालं? २००८ साली इटर्नो आणि सिल्व्हरमन या अभ्यासकांनी निवृत्त पोलिस अधिकाऱ्यांना विचारलं. इटर्नो स्वतः माजी पोलिस कप्तान. शंभरावर अधिकाऱ्यांनी सांगितलं, आकड्यांच्या दबावाखाली नोंदी फिरवल्या जातात. १,००० डॉलरच्या वरची चोरी मोठी ना? मग मालाची किंमतच खाली आणा. झाली चोरी किरकोळ! ब्रुकलिनच्या ८१ व्या ठाण्यातल्या एड्रियन स्कूलक्राफ्ट या पोलिसाने साहेबांचं बोलणं टेप केलं. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याच्याच खात्याने त्याला घरातून उचलून वेड्यांच्या वॉर्डात टाकलं. पुढे खात्याच्याच चौकशीत निघालं, त्या ठाण्यात गुन्हे कमी करून लिहिले जात होते. खरं बोलणारा वेडा, ही रीत तिकडेही आहे.

हे एक टोक. दुसऱ्या टोकाला आकडा फुगवायचा. काम दिसलं पाहिजे, म्हणून रस्त्यात माणसं अडवा, खिसे चाचपा. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात ४४ लाख वेळा माणसं अडवली. ८० टक्क्यांच्या वर काळे आणि लॅटिनो. शंभरातल्या ८८ वेळा पुढे काहीच निघालं नाही. २०१३ साली न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. २०११ साली पावणेसात लाखांच्या वर असलेली अडवणूक २०१४ साली ५० हजारांच्या आत आली. आभाळ कोसळलं का? खून वाढले नाहीत.

म्हणजे बघा. गरीब तक्रार घेऊन गेला की आकडा आटतो, गरीब रस्त्यात सापडला की आकडा फुगतो. दोन्हीकडून मरतो तोच.

गोदीत आम्ही पोती मोजतो. हूक लागून निम्मं धान्य सांडलं तरी टॅलीत पोतं एकच. मोजणी खोटी नसते, पण कशाची मोजणी करायची ते मुकादम ठरवतो.

आपल्याकडे नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो दरसालचे आकडे छापतं. त्यात येतो तो नोंदलेला गुन्हा. ठाण्याच्या पायरीवरून हाकलून दिलेली बाई त्यात नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ४ कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही शिक्षा सांगतं. २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टाने बजावलं, दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर लिहिलाच पाहिजे. कोर्टाला हे बजावावं लागलं, यातच सगळं आलं. अशा ठाण्यात उद्या ‘गुन्हे कमी, बढती नक्की’ असा तक्ता टांगला तर पहिली फाटणार ती आपली तक्रार.

मित्रांनो, आकड्यांशी आपलं वैर नाही. आपल्यावरचे अत्याचार मोजले गेलेच पाहिजेत. पण ज्याची बढती त्या आकड्यावर, त्याच्या हातात पेन्सिल नको. मोजणी ठाण्याबाहेरच्या माणसांनी करावी, आणि पहिल्या रकान्यात हे मांडावं: किती जण तक्रार घेऊन आले, आणि किती जणांना परत पाठवलंत?

तो रकाना भरा. मग कामगिरीचं बोलू.