उरलेला पैसा कुणाचा?

सातपाटी, एडवण, कोरे, दातिवरे या आपल्या किनाऱ्यावर मासळीची विक्री, बर्फ, डिझेल, कर्ज असे बरेच काही मच्छीमार सहकारी संस्थांभोवती फिरते. अनेक संस्थांत सभासदांच्या पैशाबरोबर सरकारी भागभांडवल आणि राष्ट्रीय सहकारी विकास निगमाचे कर्जही असते. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मासेमारीचे क्षेत्र आटले तर यातल्या किती संस्था तग धरतील, ही धास्ती किनाऱ्यावर आहे. म्हणून संस्था बंद होताना उरणाऱ्या पैशाबद्दल आताच बोलले पाहिजे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चे कलम 110 मी सफाळ्याहून निघालेल्या गाडीत उभ्याउभ्या वाचले. अवसायकाने देणी फेडल्यावर उरलेली मत्ता सरकारच्या पूर्वमंजुरीने सभासदांत वाटता येते, किंवा उपविधींत लिहिलेल्या कामाला देता येते. दोन्ही झाले नाही तर ती निबंधकाकडे जाते, पण अमानत म्हणून. त्याच परिसरात तशाच कामाची नवी संस्था नोंदली गेली की तिच्या राखीव निधीत ती जमा करायची. तीन वर्षांत तशी संस्था झाली नाही, तर स्थानिक लोकोपयोगी काम, संघीय संस्था किंवा धर्मादाय काम यांपैकी कशाला पैसा द्यायचा ते निबंधक ठरवतो.

ब्रिटनमध्ये 1981 साली व्हाइट फिश ऑथॉरिटी आणि हेरिंग इंडस्ट्री बोर्ड ही दोन सरकारी मंडळे गेली, पण त्यांची जागा घेणारी सी फिश इंडस्ट्री ऑथॉरिटी त्याच कायद्याने उभी केली होती. आम्ही सॉफ्टवेअरवालेही जुना सर्व्हर बंद करण्याआधी डेटा कुठे जाणार ते ठरवतो. इथे मात्र संस्था आधी बंद होते आणि वारसाचा शोध मागाहून.

मला खुपते ते वेगळेच. पहाटेच्या गाडीला पाट्या चढवणाऱ्या बायकांनी मासळी विकली नसती, तर संस्थेकडे शिल्लक कुठून आली असती? पण सभासदांत वाटप झाले, तर यादीत नाव नसलेलीला काहीच नाही. तिच्यासाठी दार उघडते ते फक्त उपविधींत. उरलेला पैसा बाजारातले ओटे, सावली, पाणी आणि बर्फाच्या पेट्यांसाठी जाईल, एवढे कलम त्यात घालता येते. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होतात. संस्था चालू आहे तोवरच हा ठराव मांडता येईल. अवसायक आल्यावर सभेच्या हाती फारसे काही राहत नाही.