दिवा आकाशात, उत्तर दप्तरात

आकाशात काहीतरी विचित्र दिसले असे कुणी सांगितले, की ऐकणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, उडती तबकडीच असणार! दुसरा म्हणतो, उगाच थापा मारतोय. पाहणारा बिचारा पुन्हा त्या गोष्टीचे नाव काढत नाही. पण पाहणारा माणूसच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तर? मग त्याचे सांगणे हसण्यावारी नेता येत नाही, तपासावेच लागते. जिमी कार्टर यांच्या बाबतीत असेच घडले, आणि तो तपास चाळीस वर्षांहून अधिक काळ रेंगाळला.

कार्टर तेव्हा ४४ वर्षांचे होते. पूर्वी नौदलात पाणबुडीवर अधिकारी, मग जॉर्जिया राज्यात भुईमुगाची शेती आणि व्यापार, जोडीला राजकारण. या घराण्याचा आपल्याशीही थोडा ऋणानुबंध आहे. त्यांच्या आई लिलियन वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ साली, पीस कोअर या स्वयंसेवी योजनेतून भारतात आल्या आणि मुंबईच्या विक्रोळीत त्यांनी परिचारिका म्हणून सेवा केली.

तर हे कार्टर एका संध्याकाळी जॉर्जियातल्या लिअरी नावाच्या छोट्या गावी लायन्स क्लबच्या बैठकीत बोलायला गेले होते. बैठक सुरू व्हायला अवकाश होता. दहा-बारा मंडळी बाहेर उभी होती. सव्वासातचा सुमार, अंधार पडलेला, आकाश स्वच्छ. इतक्यात पश्चिमेकडे एक प्रखर प्रकाश दिसला. तो जवळ येतोय, थांबतोय, मागे जातोय, पुन्हा येतोय असे वाटत होते. आधी निळसर, मग तांबूस. कधी कधी तर थेट चंद्राएवढा तेजस्वी. दहा-बारा मिनिटांनी तो दूर जाऊन दिसेनासा झाला.

पुढे १९७३ च्या सप्टेंबरमध्ये, जॉर्जियाचे गव्हर्नर असताना, कार्टर यांनी अशा नोंदी जमवणाऱ्या एका संस्थेच्या छापील फॉर्मवर हे सारे स्वतः लिहून दिले. दिशा पश्चिम, क्षितिजापासून उंची सुमारे ३० अंश, आणि काळ ऑक्टोबर १९६९. ‘मी तुमच्याशी कधीही खोटे बोलणार नाही’ अशी ग्वाही देत ते १९७६ ची निवडणूक लढले, तेव्हा हा फॉर्म साहजिकच चर्चेत आला. कुणाला त्यात परग्रहावरचे पाहुणे दिसले, तर कुणाला पुढाऱ्याची फुशारकी.

रॉबर्ट शेफर नावाच्या संशोधकाने मात्र यातले काहीच गृहीत धरले नाही. त्याने आधी एक साधा प्रश्न विचारला : ही बैठक नेमकी झाली केव्हा? उत्तर लायन्स क्लबच्या दप्तरात सापडले. कार्टर यांची लिअरीची भेट ऑक्टोबरमधली नव्हतीच. ती होती ६ जानेवारी १९६९ रोजीची. म्हणजे तब्बल नऊ महिन्यांची चूक!

यात खोटेपणा नव्हता. माणसाच्या स्मरणशक्तीची रीतच तशी आहे. प्रसंग लख्ख आठवतो, तारीख निसटते. आपल्याकडची जुनी माणसे म्हणूनच ‘पानशेतच्या पुराच्या वर्षी’ असे म्हणून साल सांगतात. गोष्ट खरी असते, पण तिला टेकू दुसऱ्या घटनेचा लागतो.

खरी तारीख हाती आल्यावर आकाशाचे गणित मांडता आले. त्या संध्याकाळी सव्वासातला शुक्राचा तारा पश्चिम-नैर्ऋत्येला, क्षितिजापासून सुमारे २५ अंशांवर झळकत होता. सूर्य-चंद्र सोडले तर आकाशात सर्वांत तेजस्वी दिसतो तो शुक्रच. ऑक्टोबर १९६९ मध्ये मात्र तो पहाटे दिसत होता, संध्याकाळी नव्हे. चुकीची तारीख धरून बसले असते, तर शुक्राकडे कुणाचे लक्षही गेले नसते. शेफरने निष्कर्ष काढला, कार्टर यांनी पाहिला तो शुक्र.

पुष्कळांनी प्रकरण तिथेच मिटले असे मानले. कार्टर यांनी मात्र मानले नाही. शुक्र कसा दिसतो ते मला चांगले ठाऊक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो प्रकाश परग्रहावरून आला असेही त्यांनी मानले नाही. ओळख पटली नाही, एवढेच ते सांगत राहिले. आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. शुक्र निळ्याचा तांबडा होत नाही, चंद्राएवढा होत नाही, आणि दहा मिनिटांत आकाशातून नाहीसाही होत नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी अमेरिकी हवाई दलासाठी काम केलेल्या एका शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, की त्याच तारखेला आणखी एक नोंद आहे. ६ जानेवारी १९६९ च्या संध्याकाळी फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावरून एक रॉकेट सोडले होते आणि त्याने वातावरणाच्या अगदी वरच्या थरात बेरियम धातूची वाफ सोडली होती. एग्लिन लिअरीपासून नैर्ऋत्येला, सुमारे अडीचशे किलोमीटरवर. जमिनीवर अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर सूर्याचे किरण पोचत असतात. त्या उन्हात बेरियमचा ढग उजळतो, रंग बदलतो, पसरतो आणि विरून जातो. पसरताना तो जवळ येतोय आणि विरताना मागे हटतोय असे वाटणे अगदी साहजिक आहे. दिशा, उंची, रंग, वेळ, सारे जुळून आले.

असे ढग आपल्याकडेही झाले आहेत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा येथून भारताच्या भूमीवरून पहिला अग्निबाण उडाला, त्यात सोडियमची वाफ होती. वरच्या वाऱ्यांचा अभ्यास हा त्यामागचा हेतू. संध्याकाळच्या आकाशात उमटलेला तो नारिंगी ढग केरळातल्या लोकांनी घरबसल्या पाहिला. पाहणाऱ्याला थुंबा माहीत नसते, तर त्याने काय कल्पना केली असती?

कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी वारले. त्यांच्या साक्षीचा हिशेब मांडला तर डोळ्यांनी पाहिलेले जवळजवळ सगळे बरोबर निघाले, आठवणीतली तारीख तेवढी चुकली. अंतराचा अंदाजही चुकला. तो प्रकाश फार तर हजार यार्डांवर असेल असे त्यांना वाटले होते. पण अंधाऱ्या आकाशात, शेजारी झाड की खांब नसताना, अंतर कुणालाच कळत नाही. प्रामाणिक माणूसही चुकतो, आणि चुकलेल्या माणसाचे सारेच म्हणणे खोटे नसते.

म्हणून कधी आकाशात असे काही दिसलेच, तर आधी घड्याळ पाहावे आणि तारीख, वेळ, ठिकाण, दिशा त्याच रात्री कागदावर लिहावी. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश भरते, त्यावरून उंचीचा अंदाज घ्यावा. २ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भात आकाशातून जळते गोळे जाताना दिसले, तेव्हा अनेकांच्या मोबाइलमध्ये ते वेळेसकट टिपले गेले. चंद्रपूर जिल्ह्यात धातूचे भले मोठे कडेही सापडले. चिनी रॉकेटचे अवशेष खाली येत होते, हा उलगडा काही दिवसांतच झाला.

आणि घरातल्या आजी-आजोबांनी अशी एखादी जुनी आठवण सांगितली, तर हसू नये. त्या वर्षी घरात काय घडले होते, पीक कुठले उभे होते, कुणाचे लग्न ठरत होते, हे त्यांना विचारावे. तारीख हाती लागली, तर त्यांच्या डोळ्यांनी काय पाहिले होते तेही उलगडू शकेल.