वगळलेली पायरी

बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला संगणकप्रणालीचे महत्त्व सांगणे म्हणजे नाशिककराला द्राक्षे दाखवणे होय. तरीही प्रशासनाने या क्षेत्राकडून घ्यावी अशी एक गोष्ट येथे मांडतो.

कामांची साखळी ठरल्या क्रमाने चालवणाऱ्या 'एअरफ्लो'सारख्या प्रणालीत झालेली आणि फसलेली यांखेरीज पायरीची आणखी एक अवस्था असते : 'वगळलेली'. आधी लिहून ठेवलेल्या अटीनुसार एखादी पायरी गाळली, तर तशी नोंद राहते. एवढेच नव्हे, तर तिच्यावर अवलंबून असलेली पुढची पायरीही आपोआप गळते. ती चालवायचीच असेल, तर तसा नियम स्पष्ट लिहावा लागतो.

आमच्या नस्तीत मात्र रकाना कोरा राहतो. काम अनावश्यक होते, राहून गेले की टाळले, हे त्या कोऱ्या जागेवरून कळत नाही.

कर्नाटकाच्या 'भूमी' प्रकल्पात सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी उतारे संगणकावर आले. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने हाताळायचे, हे बंधन प्रणालीतच घातले गेले आणि रांग मोडण्याची सोय संपली. पण रांग मोडणे वेगळे आणि पायरी गाळणे वेगळे. बँकेचे कर्ज फिटले, उताऱ्यावरचा बोजा उतरवायचा आहे. तेथे हरकतींची वाट कशासाठी पाहायची? असे नोटीस नको असलेले फेरफार आपोआप व्हावेत, हे धोरण मला सर्वथा योग्य वाटते. काम जेथे विनाकारण थांबते, तेथेच चहापाण्याची अपेक्षा जन्मते.

वारसाच्या नोंदीचे तसे नाही. वडील वारले, मुलगे गावी, मुलगी लग्न होऊन परमुलखात. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण तो तेव्हा अविवाहित असलेल्यांना. विवाहितेवरचे हे बंधन २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेले. आता पत्ता ठाऊक नाही म्हणून तिची नोटीस गाळली आणि पडद्यावर 'बजावली' असे उमटले, तर पुढचे सारे बिनबोभाट पार पडते. हरकतीची मुदत चालू होते, संपते, नोंद मंजूर होते. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपली पायरी चोख बजावलेली असते! त्यात 'सकाल' कायद्याने विलंबाला दिवसाला २० रुपये भरपाई ठरवलेली. तो कायदा चांगलाच आहे. पण घड्याळ डोक्यावर असले, की पायरी पूर्ण दाखवण्याचा मोह वाढतो.

म्हणून गाळण्याची अट व्यवहाराच्या प्रकारावर बेतलेली असावी, अर्जदार कोण यावर नव्हे. ती शासननिर्णयात असावी, प्रणाली लिहिणाऱ्याच्या मर्जीवर नसावी. आणि 'वगळली' हा शब्द नियमाच्या क्रमांकासह फेरफारावर छापला जावा. अटीत न बसणारी नोटीस बजावलीच गेली नसेल, तर मंजुरीची पायरी प्रणालीनेच अडवावी.

आपल्यापैकी अनेकांचा गावच्या जमिनीत हिस्सा आहे. महाराष्ट्रातील फेरफारांच्या नोटिसा 'आपली चावडी' या संकेतस्थळावर लागतात. गाव निवडले की बंगळुरूत बसूनही त्या वाचता येतात. महिन्यातून एकदा तेथे डोकवावे. तेथे न लागलेली नोटीस मात्र अजून कोणालाच दिसत नाही.