लिंबागणेश ते दमास्कस

मागच्या वीकएण्डला मी लिंबागणेशला होते. कुठे आहे हे, असं विचाराल म्हणून सांगते. बीडहून मांजरसुंब्याला यायचं आणि तिथून पाटोद्याच्या रस्त्याला लागायचं. गावात भालचंद्र गणपतीचं जुनं देऊळ आहे. गणपतीच्या शापातून सुटायला चंद्राने इथेच तप केलं म्हणतात. माझं तिथे जाण्याचं कारण मात्र अजिबात धार्मिक नव्हतं. मामाचा मुलगा यूपीएससीचा फॉर्म भरत होता आणि घरात वातावरण टाइट होतं!

फॉर्ममध्ये सेवांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. पठ्ठ्याने आयएएस, आयपीएस वर टाकलं आणि फॉरेन सर्व्हिस पार तळाला.

‘‘का रे?’’

‘‘ताई, आपल्याला कोण पाठवतंय फॉरेनला? इंग्रजीत चार वाक्यं बोलायची म्हणली की घाम फुटतो.’’

मामाचं तर वेगळंच. ‘‘कलेक्टर झाला तर गावाला कळंल तरी. राजदूत म्हंजे नेमकं करतो काय?’’

प्रश्न बरोबर होता. मग मी त्यांना ज्ञानेश्वर मुळ्यांची गोष्ट सांगितली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचा मुलगा. 1983 मध्ये परराष्ट्र सेवेत गेला. या सेवेत प्रत्येकाला एक परदेशी भाषा शिकावी लागते. कुणाच्या वाट्याला अरबी येते, कुणाच्या चिनी. मुळ्यांच्या वाट्याला जपानी आली आणि ते टोकियोला गेले. पण सरकारी नोकरीत बदली भाषा बघून थोडीच होते? पुढे मॉस्को, मॉरिशस करत ते थेट सीरियात पोचले, दमास्कसच्या भारतीय दूतावासात. नवा देश, नवी लिपी, उजवीकडून डावीकडे! तरी हा माणूस तिथे रमला. इतका, की सीरियावर ‘अहलन व सहलन’ नावाचं पुस्तक केलं. अहलन व सहलन म्हणजे अरबीत ‘या, आपलंच घर आहे’.

पुढे 2009 ते 2013 ते मालदीवमध्ये उच्चायुक्त होते. फेब्रुवारी 2013 मध्ये तिथले माजी अध्यक्ष मोहम्मद नशीद अटक टाळायला सरळ भारतीय उच्चायुक्तालयात येऊन राहिले, दहा-अकरा दिवस! ऑफिसात एक क्लायंट तासभर जास्त बसला तर आपला बीपी वाढतो. इथे बाहेर पोलीस, आत माजी अध्यक्ष, आणि दिल्लीचा फोन चालू.

मामा आता कान देऊन ऐकत होते. ‘‘पण आपल्या गावाला त्याचा काय उपयोग?’’

आहे ना! मुळे परराष्ट्र मंत्रालयात सचिव असताना, जानेवारी 2017 मध्ये पोस्टात पासपोर्ट केंद्रं उघडायची योजना सुरू झाली. बीडच्या पोस्टातही असं केंद्र आलं. आखातात कामाला जाणाऱ्या पोरांचा पासपोर्टसाठी लांबच्या शहरात जायचा खर्च आणि बुडालेली रोजी वाचली, ती कुणाच्या तरी टेबलावरच्या फायलीमुळेच. राजदूत काय करतो, त्याचं एक उत्तर हे.

तेवढ्यात भाऊ म्हणाला, ‘‘पण ताई, अरबी देशात पोस्टिंग आली तर? एक शब्द कळायचा नाही.’’

म्हटलं, फॉर्म बघ. अर्ज, तारीख, तालुका, जिल्हा... सगळे शब्द मुळात अरबीच आहेत. आणि ‘वकील’! पेशवाईत वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, परक्या दरबारातला आपला माणूस. निजामाच्या दरबारात गोविंदराव काळे मराठ्यांचे वकील होते. हा बीड भागही 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात होता. म्हणजे डिप्लोमसी आपल्या दारावरून गेलीय, आपल्यालाच पत्ता नाही.

एक शब्द मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. ‘गरीब’. आपल्याकडे गरीब म्हणजे पैसे नसलेला. अरबीत याच शब्दाचा अर्थ परका, अनोळखी.

भाऊ गप्प झाला. मग हळूच म्हणाला, ‘‘पुण्यात क्लासला पहिल्या दिवशी मी तोच होतो. अरबीतला.’’

खरं सांगू? मीही होते. मास कॉमच्या पहिल्या वर्षी, इंग्रजी प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री. तुम्हीसुद्धा कुठल्यातरी कॉन्फरन्स रूममध्ये असालच. फरक इतकाच, की काही लोक त्या परकेपणालाच करिअर करतात. दर तीन-चार वर्षांनी नवा देश, नवी भाषा, पुन्हा पहिल्यापासून अडखळणं. ज्याला एकदा अडखळायची सवय झाली, त्याला कदाचित हे जास्त जमत असेल.

निघताना मी फॉर्मबद्दल काही विचारलं नाही. एसटीत बसल्यावर मेसेज आला : ‘फॉरेन दोन नंबरला घेतलंय. पप्पांना सांगू नको.’

दोन मिनिटांनी दुसरा मेसेज. मामांच्या नंबरवरून.

‘ते अहलन काय म्हणाली होतीस, लिहून पाठव.’