नामकरण आणि कायदा

नवे औषधालय उघडताना आपण मुहूर्त पाहतो, परंतु व्यापारचिन्हांची नोंदवही पाहत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत ‘महाकाली’, ‘ताडोबा’, ‘धन्वंतरी’ ही नावे सहज सुचतात. तथापि केवळ स्थलवाचक अथवा गुणवर्णनपर नावास व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम ९ अन्वये सहसा नोंदणी मिळत नाही. देवतांची नावे तर अनेकांनी आधीच घेतलेली असतात. गुमास्ता नोंदणी वा कंपनी निबंधकाचे प्रमाणपत्र म्हणजे व्यापारचिन्हाचा हक्क नव्हे.

हा प्रश्न केवळ व्यापाराचा नाही. ‘कॅडिला’ हे नाव धारण करणाऱ्या दोन कंपन्यांच्या ‘फाल्सिगो’ व ‘फाल्सिटॅब’ या हिवतापावरील औषधांच्या वादाचा निकाल २००१ साली सर्वोच्च न्यायालयात लागला. दोहोंतील घटकद्रव्ये भिन्न होती. औषधांच्या नावांतील गोंधळ रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून तेथे कसोटी अधिक कठोर हवी, असे न्यायालयाने बजावले. हिवतापाशी वर्षानुवर्षे झुंजणाऱ्या गडचिरोलीस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आमचे मत असे की, ‘त्रिफळा चूर्ण’ यांसारखी ग्रंथोक्त नामे सर्वांची राहावीत; आपली ओळख मात्र स्वतंत्र, नवनिर्मित शब्दाने घडवावी. ‘मधुमेहनाशक’ यांसारखे नाव टाळावे, कारण १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्यात लेबलही जाहिरातच मानले आहे. आणि लेबले छापण्यापूर्वी व्यापारचिन्हांच्या पाचव्या, म्हणजे औषधांच्या, वर्गात शोध अवश्य घ्यावा. छापलेली लेबले रद्द करण्यापेक्षा हा शोध निश्चितच स्वस्त पडतो.