शीतपेटीचे झाकण

मे महिन्याच्या उत्तरार्धात, काजव्यांच्या हंगामात, भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी एक-दोन रात्री तंबूत काढण्याचा बेत अलीकडे अनेक कुटुंबे करू लागली आहेत, आणि या सदराच्या वाचकांकडून येणाऱ्या पृच्छांमध्ये तंबूच्या खालोखाल आता आइसबॉक्सचा मामला येतो: पाच-सात माणसांचे दूध, दही, पनीर किंवा मसाला लावलेली कोंबडी दोन दिवस निर्धोक राहील अशी कडक कवचाची पेटी बेताच्या पैशांत मिळेल काय? मिळेल, असे माझे निश्चित मत आहे. मात्र ती निवडताना ग्राहकाने छापाच्या लौकिकाकडे आणि वेष्टनावर छापलेल्या दिवसांच्या आकड्याकडे न पाहता झाकणाकडे पाहावे, आणि पेटीवर वाचलेले द्रव्य व अवधान बर्फाच्या बंदोबस्ताकडे वळवावे.

महागड्या पेट्यांचा दबदबा फार जुना नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २००६ साली सायडर्स बंधूंनी ‘येटी’ या नावाने ज्या पेट्या विकण्यास प्रारंभ केला, त्यांनी या व्यवसायाचे मानदंडच बदलून टाकले. पॉलिथिलीनची भुकटी साच्यात भरून तो साचा तापवीत आणि सर्व बाजूंनी फिरवीत घडविलेले त्यांचे अखंड कवच इतके भक्कम असते की पेटीवर माणसाने खुशाल उभे राहावे. परंतु आपल्या गच्च्यांवरील पाण्याच्या टाक्याही याच रीतीने घडतात, आणि या रीतीने लाभते ती मुख्यत्वे बळकटी. उष्णता अडविण्याचे खरे कार्य दोन कवचांच्या मधोमध भरलेला पॉलियुरेथेनचा फेस करतो, आणि तो फेस मध्यम किमतीच्या पेटीतही असतो, फक्त त्याचा थर पातळ असतो. थर दुप्पट झाला की भिंतीतून शिरणारी उष्णता साधारणतः निम्मी होते, एवढा साधा हा हिशेब आहे. शिवाय त्या जातीची मध्यम आकाराची पेटी रिकामीच दहा किलोंच्या घरात भरते, आणि वाहनतळापासून पाणवठ्यापर्यंतचा उतार दोघांनी ती भरलेली पेटी धरून उतरायचा असतो, ही गोष्ट दुकानात कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्वस्त पेटीत काटकसर कोठे केली जाते, याचा शोध घेतला तर तो बहुधा झाकणापाशी येऊन थांबतो. चारी भिंतींत फेस, तळाशी फेस, आणि झाकण मात्र आतून पोकळ, अशा पेट्या बाजारात सर्रास विकल्या जातात. आणि भर उन्हाळ्यात दुपारचे ऊन ज्या पृष्ठावर सरळ पडते ते पृष्ठ तर झाकणाचेच. यास्तव दुकानात प्रथम झाकणावर बोटाने ठोकून पाहावे: पोकळ झाकण डब्यासारखे वाजते, भरीव झाकणाचा आवाज दबका येतो. नंतर कागदाची पट्टी काठावर ठेवून झाकण लावावे आणि ती ओढून पाहावी. पट्टी विनासायास निघाली तर त्याच फटीतून गार हवाही निघणार. बिजागऱ्यांच्या खिळी बदलता येण्याजोग्या आहेत काय, हेही विचारावे, कारण अशा पेट्यांत पहिली मोडते ती बिजागरीच. पोकळ झाकणाची पेटी घरात आधीच असेल तर ती टाकून देण्याचे कारण नाही. आतील जिन्नसांवर थर्माकोलचा बेताने कापलेला तुकडा बसवावा आणि वरून भिजविलेले गोणपाट घालावे. घाटमाथ्याच्या कोरड्या हवेत गोणपाट उत्तम काम देते, किनाऱ्यावरील दमट हवेत त्याचा उपयोग पुष्कळ कमी होतो.

पण उत्तमातील उत्तम पेटीही थंडी निर्माण करीत नाही, ती केवळ राखते, आणि येथेच बहुतेकांचा जमाखर्च बिघडतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. तीस अंशांवरचे दहा लिटर पाणी बाटल्यांसह पेटीत ठेवून ते पाच अंशांवर आणायचे म्हटले तर २५० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात, म्हणजे तीन किलोंहून अधिक बर्फ प्रवास सुरू होण्यापूर्वीच खर्ची पडतो. म्हणून प्रत्येक जिन्नस आदल्या रात्री घरच्या फ्रीजमध्ये गार करावा, पेटीतही थोडा बर्फ रात्रभर घालून ठेवावा, आणि पिण्याच्या पाण्यासाठी वेगळा, साधा जार न्यावा. मुले तासातासाला झाकण उघडतात ती पाण्यासाठी, आणि त्याची झळ मात्र दुधाला बसते.

बर्फ घ्यावा तो लादीचा, चुऱ्याचा नव्हे, कारण मोठ्या तुकड्याला उष्णता लागण्यास पृष्ठभाग कमी मिळतो. त्याची तजवीज वाटेवरच्या घोटीसारख्या बाजारपेठेच्या गावीच करून घ्यावी. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा आदेश राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली काढला होता. तथापि लादी पांढरी दिसली म्हणून तिचा तुकडा सरबतात टाकण्याचे साहस कोणीही करू नये, आणि अन्न घट्ट झाकणाच्या डब्यांतच ठेवावे, म्हणजे वितळलेले पाणी त्यात शिरणार नाही. हे पाणी लगेच ओतूनही देऊ नये; बर्फ शिल्लक आहे तोवर ते शून्याच्या आसपासच असते आणि जिन्नसांमधील मोकळ्या जागा भरून काढते. पाच अंशांच्या वर अन्नात जंतूंची वाढ वेग घेते, आणि आडरानात वैद्यकीय साहाय्य किती दूर असते याची कल्पना मुलाबाळांसह जाणाऱ्यांना असलीच पाहिजे, म्हणून पेटीत एक साधा तापमापक असावाच, असा माझा आग्रह आहे.

केवळ थर्माकोलच्या पेटीवर भागवावे काय, असेही काही वाचक विचारतात. मासळीच्या व्यापारात ती नित्य वापरली जाते आणि जाड भिंतीची असेल तर बर्फही चांगला राखते. पण कातळावर आपटून ती फुटली की तिचे पांढरे कण गवतात विखुरतात, ते कोणालाच वेचता येत नाहीत आणि पावसाळ्यात थेट जलाशयात जातात, म्हणून रानात ती नेऊच नये, असे मी म्हणेन. पंचवीस ते तीस लिटरांची, भरीव झाकणाची मध्यम किमतीची पेटी आणि जोडीला पाण्याचा जार, एवढ्यावर दोन रात्रींचा संसार नीट चालतो. सलग पाच-सहा दिवस वस्तीपासून दूर राहणारे आणि वाटेत पुन्हा बर्फ मिळण्याची शक्यता नसणारे जे थोडे लोक आहेत, त्यांनी जाड भिंतीची महाग पेटी अवश्य घ्यावी; तिचा पैसा त्यांच्या बाबतीत वसूल होतो.