वीज बंद केल्यावरही कपॅसिटरचा झटका का बसतो?

एप्रिल 2020 पासून महावितरण उच्चदाब आणि 20 किलोवॅटवरील लघुदाब उद्योगांना केव्हीएएच पद्धतीने बिल आकारते. पॉवर फॅक्टर घसरला की बिल वाढतं. त्यामुळे कपॅसिटर आणि हार्मोनिक फिल्टरच्या पॅनलची वेळोवेळी तपासणी गरजेची झाली आहे.

धोका इथेच आहे. मेन स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. 415 व्होल्टच्या लाइनवर हा दाब सुमारे 587 व्होल्टपर्यंत असू शकतो. आयईसी 60831 मानकानुसार डिस्चार्ज रेझिस्टरने तो 3 मिनिटांत 75 व्होल्टपर्यंत खाली आणायला हवा. पण रेझिस्टरच जळालेला असेल तर?

म्हणून पुरवठा तोडून कुलूप लावा, थांबा, मीटरने डीसी व्होल्टेज मोजा. उरलेली वीज योग्य रेझिस्टरमधून उतरवा, स्क्रूड्रायव्हरने नाही. मगच मायक्रोफॅरड तपासा. बिल वाचवण्याच्या घाईत ही 3 मिनिटं वाचवू नका.